तुमच्या फोनमधली रात्रपाळी: कर्नल थ्रेड्सची गोष्ट

इयरफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी ठेवा, आज मी जरा उत्साहात आहे. विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे.

मागच्या आठवड्यात एका श्रोतीने विचारलं होतं, "दादा, फोन लॉक करून उशाशी ठेवला. एकही अ‍ॅप उघडं नाही. तरी आत कोण जागं असतं?" हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. अ‍ॅप्सची यादी आपण सगळेच बघतो. पण अ‍ॅप्सच्या खाली, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काही कामगार कायम नोकरीवर असतात. त्यांना सुट्टी नाही, त्यांचा आयकॉन नाही, सेटिंग्जमध्ये त्यांचं नावही येत नाही. त्यांना म्हणतात कर्नल थ्रेड. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, त्यामुळे आज मी लिनक्सबद्दलच बोलणार आहे. आयफोनवाल्यांनी रागावू नये, तुमच्याकडेही अशी मंडळी आहेत, फक्त आडनावं वेगळी.

बघायचं असेल तर एक युक्ती सांगतो. फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करा, लॅपटॉपला जोडा आणि एडीबी शेलमध्ये पीएस ही कमांड कॅपिटल ए लावून चालवा. लांबच लांब यादी येईल. तिच्यात काही नावं चौकटी कंसात दिसतील, ते कर्नल थ्रेड. माझ्या फोनवर ते तीनशेच्या वर भरले. कंस का, तर साध्या प्रोसेसला एक कमांड लाइन असते, म्हणजे कुठली फाइल चालवली ते लिहिलेलं असतं. कर्नल थ्रेडची कुठलीच फाइल नसते, तो कर्नलच्याच कोडचा एक तुकडा असतो. मग पीएस बिचारा नुसतं नाव कंसात टाकून देतो.

यादीत पहिला नंबर इनिटचा आणि दुसरा केथ्रेडडीचा. हा दोन नंबरवाला म्हणजे सगळ्या कर्नल थ्रेड्सचा मुकादम. कुठल्याही ड्रायव्हरला नवा कामगार हवा असेल तर तो स्वतः भरती करत नाही, मुकादमाकडे अर्ज टाकतो. मुकादम उठतो, माणूस तयार करतो, परत झोपतो. असं का? कारण ज्याने अर्ज केला त्याच्या अंगाला बऱ्याच गोष्टी चिकटलेल्या असू शकतात. मुकादमाच्या हातून जन्मलेला कामगार कोरा असतो.

यात एक गंमत आहे. इनिटला एक नंबर मिळायलाच हवा, म्हणून कर्नल चालू होताना आधी इनिट बनतो आणि मग मुकादम. पण इनिटला पुढे लगेच कामगार लागणार असतात, आणि मुकादम अजून कामावर आलेलाच नाही! अशा वेळी इनिट पळत सुटला तर सिस्टिम तिथेच कोसळेल. म्हणून इनिटला दारातच थांबवून ठेवतात आणि मुकादम तयार झाला की मगच सोडतात. मानाचा गणपती पुढे, पण ढोल-ताशा पथक आल्याशिवाय मिरवणूक हलत नाही, तसंच.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कायम चालणारं काम कर्नलच्या आत लिहायचं कसं?

नवीन मुलं इंटर्न म्हणून येतात तेव्हा पहिलं उत्तर ठरलेलं असतं: एक न संपणारा लूप लिहायचा, काम आलं का बघायचं, नसेल तर परत बघायचं. आपल्या साध्या प्रोग्राममध्ये हे केलं तर लॅपटॉपचा पंखा ओरडतो, बाकी काही होत नाही. शेड्यूलर वेळ संपली की त्याला बाजूला सारतो. कर्नलच्या आत मात्र, बऱ्याच ठिकाणी, असा लूप स्वतःहून बाजूला झाला नाही तर तो प्रोसेसर दुसऱ्या कुणाला मिळतच नाही. यासाठी लिनक्समध्ये एक पहारेकरी असतो. तो चालू असेल तर साधारण वीस सेकंद एखादा प्रोसेसर असा अडकलेला दिसला की लॉगमध्ये लाल अक्षरात बोंब मारतो, सॉफ्ट लॉकअप. वीस सेकंद म्हणजे फोनवर एक युग. तोवर तुम्ही पॉवर बटण दाबून दाबून दमलेले असता.

बरं, मग लूपमध्ये एक छोटी डुलकी टाकली तर? एक मिलिसेकंद झोप, उठ, बघ, परत झोप. चालतं. टेस्टिंगमध्ये पासही होतं. पण हिशोब करा: सेकंदाला जवळपास हजार वेळा कुणीतरी प्रोसेसरला हलवून उठवतंय. आधुनिक प्रोसेसर बॅटरी वाचवतो ती खोल झोपेत जाऊन, आणि खोल झोपेत जायला आणि परत यायला त्याला वेळ लागतो. दर मिलिसेकंदाला टपली बसली तर तो खोलवर जातच नाही, वरवर डुलक्या काढत राहतो. लिनक्सने २००७ साली, २.६.२१ या आवृत्तीपासून, काम नसताना स्वतःचं घड्याळ टिकटिकवणंही बंद करायची सोय आणली, ती याच बॅटरीसाठी. एवढा खटाटोप करून मिळवलेली शांतता एका ड्रायव्हरमधली एक ओळ घालवू शकते. आपल्या श्रोतीच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे. आत कोण कोण आहे यापेक्षा त्यातलं कोण किती वेळा उठतं, यावर सकाळची बॅटरी ठरते. तीनशे थ्रेड गाढ झोपलेले असतील तर ते काहीच खात नाहीत. एकटा चुळबुळ्या असेल तर तो पुरतो.

म्हणजे बरोबर पद्धत अशी, की थ्रेडने झोपायचं आणि काम आलं की दुसऱ्याने त्याला उठवायचं. इथे एक सापळा आहे, आणि तो मला फार आवडतो. जरा नीट ऐका.

समजा थ्रेडने बघितलं, काम आहे का? नाही. म्हणून तो झोपायला निघाला. बघणं आणि झोपणं या दोन्हीच्या मधल्या फटीत काम येऊन पडलं. काम टाकणारा त्याला उठवायला आला, तर हा अजून जागाच! उठवणारा म्हणाला, जागा आहे, मग काय उठवायचं, आणि निघून गेला. आता हा झोपला. काम टेबलावर, कामगार झोपेत, आणि पुन्हा उठवायला कुणी येणार नाही.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. तुम्हाला पहाटेची गाडी पकडायची आहे. आई उठवायला येते, दारातून डोकावते. तुम्ही फोन बघत बसलेले. ती म्हणते, जागा आहेस ना, बरं, आणि जाते. तुम्ही मात्र क्षणभरापूर्वीच घड्याळ बघून ठरवलेलं असतं की अजून वेळ आहे, आणि ती वळल्यावर आडवे होता. गाडी गेली.

उपाय उलटा क्रम लावण्याचा आहे. आधी पांघरूण अंगावर ओढायचं, मग घड्याळ बघायचं. कर्नलच्या भाषेत, थ्रेडने आधी स्वतःवर 'मी झोपलोय' अशी पाटी लावायची, त्यानंतर काम आलंय का ते तपासायचं, आणि मगच प्रोसेसर सोडायचा. मधल्या फटीत कुणी उठवायला आलं तर त्याला पाटी दिसते आणि तो ती उलटी करतो: 'जागा आहे'. मग थ्रेडने प्रोसेसर सोडायचा प्रयत्न केला तरी शेड्यूलर म्हणतो, अरे तू तर जागा आहेस, चल कामाला लाग. फक्त दोन ओळींचा क्रम, पण तो उलटा असला तर महिन्यातून एकदा कुठेतरी एक फोन लटकतो आणि कुणालाच कारण सापडत नाही. म्हणून शहाणी माणसं हे हाताने लिहितच नाहीत. कर्नलमध्ये वेट इव्हेंट नावाची तयार मॅक्रो आहेत, ती हा क्रम बरोबर लावतात.

आता या रात्रपाळीतल्या एका खास माणसाशी ओळख करून देतो, के-स्वॅप-डी. तुमच्या फोनवर त्याचं नाव के-स्वॅप-डी शून्य असं दिसेल. याचं काम रॅम मोकळी ठेवणं.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यासमोर आणा. पाणी एका खुणेखाली गेलं की मोटर आपोआप चालू, वरच्या खुणेला पोचलं की बंद. लिनक्समध्ये या खुणांना शब्दही वॉटरमार्कच आहे. मोकळी रॅम खालच्या खुणेखाली आली की के-स्वॅप-डी उठतो, वरच्या खुणेपर्यंत भरतो आणि झोपतो. भरतो म्हणजे काय करतो? जी पानं स्टोरेजवरून नुसती वाचलेली आहेत, जसं अ‍ॅपचा कोड, ती सरळ टाकून देतो, लागली तर परत वाचता येतील. आणि जी पानं अ‍ॅपने स्वतः तयार केली, ती फेकता येत नाहीत, तर त्यांना दाबून, कॉम्प्रेस करून रॅममध्येच एका कोपऱ्यात ठेवतो. याला झेडरॅम म्हणतात. तुमच्या फोनच्या जाहिरातीत 'व्हर्च्युअल रॅम' असं काही लिहिलेलं असतं, त्याचं हे जवळचं नातेवाईक.

पण टाकी अगदी तळाला गेली, सर्वात खालच्या खुणेखाली, तर? मग मोटरची वाट बघत नाहीत. ज्याला पाणी हवं त्या प्रत्येक घराने स्वतः बादली घेऊन विहिरीवर जायचं. म्हणजे तुमचं अ‍ॅप, जे स्क्रीनवर काहीतरी दाखवत होतं, तेच काम सोडून रॅम झाडायला लागतं. तुम्ही बोट फिरवता आणि स्क्रीन अडकते, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आणि एवढं करूनही भागलं नाही तर अँड्रॉइडचा एलएमकेडी येतो. हा कर्नलच्या बाहेरचा आहे, पण कर्नलकडून खबर घेतो. अँड्रॉइड १० पासून तो हे बघू शकतो की रॅमअभावी प्रोसेस किती वेळ ताटकळतायत. मग तो अ‍ॅप्सची गुणपत्रिका काढतो आणि ज्याचे गुण जास्त त्याला मारतो. इथे जास्त गुण वाईट. समोर दिसणारं अ‍ॅप शून्य. कायम नोटिफिकेशन दाखवत चालणारी सर्व्हिस असेल तर साधारण २००. आत्ताच ज्यातून बाहेर पडलात ते ७००. मागे पडून राहिलेली ९०० च्या पुढे.

हे आकडे कोरडे वाटतील, पण माझ्या मावसभावाच्या पगाराचा प्रश्न यावरच अडला होता. तो दुचाकीवर डिलिव्हरी करतो. फोन तीन जीबी रॅमचा, दोन वर्षं जुना. तक्रार अशी, की ऑर्डरची घंटी उशिरा वाजते, आणि ऑर्डर घ्यायला मोजकेच सेकंद असतात, तेवढ्यात ती दुसऱ्याकडे जाते. कुणीतरी त्याला सांगितलं, रॅम साफ करणारं अ‍ॅप टाक. त्याने टाकलं. अजून बिघडलं. रविवारी जेवायला आला तेव्हा म्हणाला, "दादा, तू कॉम्प्युटरवालाच ना, बघ की." नातेवाइकांच्या लेखी कर्नल आणि प्रिंटर एकच.

फोन लॅपटॉपला जोडला, लॉग चालू ठेवला आणि त्याला म्हटलं, तू रोज वाट बघताना जे करतोस ते कर. तो रील्स बघत बसला. दहा मिनिटांत लॉगमध्ये एलएमकेडीची ओळ: डिलिव्हरीचं अ‍ॅप मारलं, गुण ९०० च्या वर. ऑर्डर नसताना ते अ‍ॅप कायमचं नोटिफिकेशन दाखवत नव्हतं, त्यामुळे ते मागच्या रांगेत. आणि रॅम साफ करणारं अ‍ॅप? ते मात्र दिमाखात कायम नोटिफिकेशन लावून बसलेलं, म्हणजे गुण दोनशेच्या आसपास. जागा मोकळी करायला आणलेला पाहुणा पलंगावर, आणि कमावता माणूस दाराबाहेर.

पुश नोटिफिकेशन आलं की मेलेलं अ‍ॅप परत उभं राहतं, हे खरं. पण शून्यापासून. त्याचा कोड के-स्वॅप-डीने कधीच टाकून दिलेला, तो स्टोरेजवरून परत वाचायचा, आणि त्याच वेळी नव्या पानांसाठी के-स्वॅप-डी दुसरीकडे जागा झाडतोय. स्वस्त फोनमध्ये याला सेकंद लागतात. तेच सेकंद, जे ऑर्डर घ्यायला मिळतात.

आम्ही ते साफसफाईचं अ‍ॅप काढलं. गूगलनेही अँड्रॉइड १४ मध्ये नियम केलाय, एका अ‍ॅपने दुसऱ्याच्या बॅकग्राउंड प्रोसेस मारायच्या नाहीत, फक्त स्वतःच्या. त्याच्या फोनवर जुनी आवृत्ती होती. मी त्याला सांगितलं, वाट बघताना डिलिव्हरीचं अ‍ॅपच समोर ठेव, रील्स नको. तो म्हणाला, "मग दोन-दोन तास हॉटेलच्या बाहेर बसून काय करू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हुकणाऱ्या ऑर्डर कमी झाल्या, पूर्ण बंद नाही झाल्या.

के-स्वॅप-डी मात्र सुधारतोय. कुठलं पान जुनं, कुठलं ताजं, हे ठरवायची नवी पद्धत, मल्टी-जेन एलआरयू, डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ मध्ये आली. गूगलच्या यू झाओ यांनी ती लिहिली. गूगलच्या मोजणीत के-स्वॅप-डीचा प्रोसेसर-वापर सुमारे ४० टक्क्यांनी घटला. पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघता, तशी कर्नलची आवृत्तीही बघा. अबाउट फोनमध्ये लिहिलेली असते.

बाकीच्या मंडळींबद्दल भरभर सांगतो. यादीत केवर्कर नावाचे ढीगभर दिसतील. आधी प्रत्येक ड्रायव्हर आपापले कामगार पाळायचा, प्रत्येक प्रोसेसरवर एक. कोअर वाढत गेले तशी गर्दी झाली. टेजुन हिओ यांनी २०१० मध्ये, २.६.३६ आवृत्तीत, सगळ्यांसाठी एक सामाईक नाका केला. काम टाका, मोकळा असेल तो कामगार उचलेल. त्यामुळे आज छोट्या कामासाठी स्वतःचा थ्रेड काढणं हे मी तरी रिव्ह्यूमध्ये सहसा मान्य करत नाही. एखाद्या केवर्करने प्रोसेसर खाल्ला तर दोष त्याचा नसतो, त्याच्या डोक्यावर पाटी कुणी ठेवली ते शोधायचं.

ज्यांनी कॉलेज प्रोजेक्टसाठी भाड्याचा सर्व्हर घेतलाय त्यांच्यासाठी एक सूचना. क्रिप्टो माइन करणारे घुसखोर स्वतःला चौकटी कंसातलं केवर्कर हे नाव लावून घेतात, कारण ते बघून कुणी हात लावत नाही. ओळखायला सोपं आहे. खऱ्या कर्नल थ्रेडचा पालक क्रमांक दोन असतो, आपला मुकादम. आणि खऱ्याची कुठलीच चालवलेली फाइल नसते. पालक दुसरा निघाला किंवा फाइल सापडली, तर तो तोतया.

मग ते फ्लशर. तुम्ही फाइल सेव्ह केली म्हणजे ती लगेच स्टोरेजवर गेली असं नाही. ती आधी रॅममध्ये असते. साध्या लिनक्समध्ये फ्लशर दर पाच सेकंदांनी उठतो आणि तीस सेकंदांहून जुनं झालेलं लिहून काढतो. पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' न करता ओढल्यावर झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्ट रिकामा निघतो, तो याच अर्ध्या मिनिटामुळे. काही अ‍ॅप्स एफसिंक म्हणून एक हाक मारून हट्टाने लगेच लिहून घेतात. पैशांचे व्यवहार करणाऱ्यांनी तर ते करायलाच हवं.

शेवटचा भाग, थांबवणं. चालू करणं सोपं आहे हो. किल नाइन सगळ्यांना माहीत आहे, कुठलीही प्रोसेस मरते. कर्नल थ्रेडवर चालवून बघा, तो ढिम्म. कर्नल थ्रेड सिग्नल ऐकतच नाहीत, मुद्दाम तशी परवानगी घेतली नसेल तर. त्यांना थांबवायची एकच रीत: कर्नलमधून निरोप ठेवायचा, 'थांब', त्याला उठवायचं, आणि तो स्वतःहून आवरून बाहेर पडेपर्यंत दारात उभं राहायचं. थ्रेडच्या लूपमध्ये प्रत्येक फेरीला तो निरोप आलाय का हे तपासलेलं असायला हवं. तपासलं नाही, तर दारातला माणूस उभाच. ड्रायव्हर काढायला गेलेली कमांड कायमची लटकते, आणि मग रीस्टार्टशिवाय मार्ग नाही.

याहून वाईट म्हणजे वाट न बघता निघून जाणं. ड्रायव्हरचा कोड मेमरीतून काढून टाकला आणि थ्रेड आत झोपलेलाच राहिला. तो उठतो, पुढची सूचना वाचायला जातो, आणि तिथे जमीनच नाही. साध्या अ‍ॅपमध्ये असं झालं तर एक अ‍ॅप बंद पडतं. इथे अख्खा फोन जातो, कारण कर्नलखाली सावरायला कुणी नाही.

म्हणून आमच्याकडे नवीन मुलांकडून थ्रेड लिहून घेताना मी उलट्या क्रमाने घेतो. आधी बंद कसा होईल ते लिही, मग झोपेल कसा ते लिही, मग उठेल कसा, आणि सगळ्यात शेवटी काम. काही जण वैतागतात. दोन महिन्यांनी तेच दुसऱ्याच्या कोडवर हीच टिप्पणी टाकताना दिसतात.

चला, आज इतकंच. ज्यांनी पीएस चालवून बघितलं त्यांनी आपापल्या यादीतला सगळ्यात विचित्र नावाचा थ्रेड मेसेजमध्ये पाठवा. पुढच्या वेळी त्यातले चार-पाच घेऊ आणि प्रत्येकाला विचारू, बाबा, तू नक्की करतोस काय.